घरगुती ध्वनिमुद्रणासाठी सॉफ्टवेअरची निवड

घरच्या घरी गाणे मुद्रित करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे आमच्या मैलूरचे भजनी मित्र मला वारंवार विचारतात. याचे उत्तर, आपण काय मुद्रित करणार आहोत यावर अवलंबून आहे, असे माझे मत आहे.

मायक्रोफोनकडून येणारी विद्युत्-लहर सेकंदास ४४,१०० वेळा मोजून संगणक ती अंकांत साठवतो. प्रत्येक मापास १६ बिट व दोन वाहिन्या धरल्यास मिनिटास सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. हे काम सारीच सॉफ्टवेअर सारख्याच रीतीने करतात. महागड्याने आवाज गोड होत नाही. (खोलीत जाड गोधड्या टांगल्याने मात्र पुष्कळ फरक पडतो!)

खरा भेद संपादनात आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक गतीच्या मात्रांच्या रेघा आधीच आखलेल्या असतात. आपले भजन तर संथ सुरू होऊन द्रुत लयीत चढत जाते. ‘स्नॅप’ ही सोय चालू राहिली, की कापलेला तुकडा जवळच्या रेघेवर जाऊन बसतो आणि मृदंगाची सम हुकते. तेव्हा ही सोय बंद करता येते ना, हे प्रथम पाहावे. स्वर सुधारणाऱ्या साधनांचेही तसेच. ती सहसा सप्तकाचे बारा समान भाग धरून चालतात, त्यामुळे मींड त्यांना चूक वाटते. पेटीच्या अशाच ठोकळेबाज स्वरांवर आक्षेप घेतले गेले आणि ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली; ती १९७१ मध्ये सैल झाली.

एकतारी आणि गळा एकाच मायक्रोफोनवर घ्यायचा असेल, तर ऑडॅसिटी पुरेसे आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये त्याचा आरंभ केला; ते विनामूल्य मिळते. पेटी, मृदंग, टाळ वेगवेगळे घेऊन नंतर त्यांचे प्रमाण ठरवायचे असेल, तर मी रीपर सुचवीन. ते ६० दिवस वापरून पाहता येते, पुढे परवाना घ्यावा लागतो. त्यात स्नॅप बंद करता येते. गॅरेजबँड ॲपलच्या यंत्रांखेरीज चालत नाही, म्हणून बहुतेकांना ते निरुपयोगी.

अभंग आणि वचन एकाच बैठकीत गाणारी वृद्ध मंडळी आमच्याकडे अजून आहेत. त्यांचे गाणे एका दमात, न थांबवता घ्यावे आणि मूळ प्रत वेव्ह स्वरूपातच ठेवावी. एमपीथ्री करताना वगळलेला अंश पुन्हा मिळत नाही. कापाकापी करायची ती नकलेवर.