रबराची पकड घरीच मोजा

पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली करंजी घाट उतरते, तेव्हा तिचा सारा भरवसा टायर जिथे रस्त्याला टेकते तेवढ्याच जागेवर असतो. ती पकड भार, वेग आणि उन्हाने कशी बदलते, हे घरच्या फरशीवर मोजता येते.

साहित्य
वीतभर फळी, मिक्सरखाली असतात तसे तीन घुमटाकार रबरी पाय, घोटीव शहाबादी फरशी, तानकाटा, अर्ध्या किलोची चार वजने, दोरा, बाटली, तापमापी, मोबाइल.

कृती
१. पाय फळीखाली त्रिकोणात चिकटवा, म्हणजे फळी डुगडुगणार नाही. रबर व फरशी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेलकट बोट लागले तरी आकडा बदलतो.

२. फरशीवर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा. तानकाट्याचा दोरा बाटलीवर गुंडाळत फळी ओढा. हाताने ओढल्यास हिसके बसतात. फळी सरकत असतानाचाच आकडा टिपा.

३. भार : अर्धा, एक, दीड, दोन किलो ठेवून दर वेळी २० सेकंदांत अंतर कापा. ओढीला फळीसह एकूण वजनाने भागा, हा घर्षणांक. भार वाढेल तसा तो उतरतो. घुमट दबतो, पण टेकलेली जागा त्या प्रमाणात वाढत नाही : भार आठपट, तर जागा साधारण चौपट.

४. वेग : एक किलो ठेवून तेच अंतर १००, ५० आणि १० सेकंदांत कापा. वेगाबरोबर ओढ वाढते. फळी चिरकत उड्या मारू लागली की थांबा.

५. ऊन : पहाटे सावलीत १०० सेकंदांची ओढ व फरशीचे तापमान लिहा. दुपारी फरशी आणि फळी अर्धा तास उन्हात ठेवून तीच ओढ मोजा. ती घटते.

६. त्याच उन्हात वेग वाढवत पहाटेचा आकडा पुन्हा गाठा.

ही सहावी पायरी सर्वांत मोलाची. रबराच्या रेणूसाखळ्या फरशीला चिकटतात, ताणल्या जातात, सुटतात. उष्णतेने त्यांची हालचाल जलद होते. म्हणून तापलेल्या रबराला तीच पकड जास्त वेगाला मिळते. रबराच्या घर्षणाचे अभ्यासक ग्रॉश यांनी १९६३ मध्ये हा वेग-तापमानाचा संबंध प्रयोगांनी मांडला. वेगाबरोबर पकड शिखरापर्यंत चढते, पुढे घसरते.

घाटात जाम झालेले चाक त्या शिखरापार फरफटते, शिवाय घासून तापते. म्हणून ट्रॉलीत बेताचाच भार घ्या, उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका आणि चाक फिरत राहील इतकाच ब्रेक दाबा.