मुखलेपातून शरीरात : सौंदर्यप्रसाधने आणि संप्रेरके

त्वचेला लावलेले द्रव्य त्वचेवरच राहते, हा समज रुग्णांमध्ये रूढ आहे. वैद्यांमध्ये तो असण्याचे कारण नाही. अभ्यंग, परिषेक, अवगाह व आलेप यांचे वीर्य त्वचेत पक्व होऊन तिर्यग्गामी धमन्यांद्वारे शरीरात जाते, असे सुश्रुतांनी शारीरस्थानाच्या नवव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. कल्पस्थानाच्या प्रारंभी तर विषप्रयोगाच्या मार्गांत अभ्यंगाचे तेल, उटणे व मुखलेप यांची गणना आहे. विषयुक्त मुखलेपाने चेहरा श्याव होतो, त्यावर पद्मिनीकंटकासारखे काटे उठतात. (आजचे प्रत्येक रसायन ग्रंथात शोधण्याचा अट्टहास मात्र नको. मार्ग सांगितला आहे, तेवढे पुरे.)

हे वर्णन वाचताना गोरेपणाची क्रीम दीर्घकाळ लावलेला चेहरा डोळ्यांसमोर येतो. अशा अनेक क्रीममध्ये बीटामेथासोन वा क्लोबेटासॉल ही स्टेरॉइडे आढळतात. येथे संप्रेरकांचे कार्य बिघडवणाऱ्या द्रव्याचा प्रश्न नसून प्रत्यक्ष संप्रेरकसदृश औषधच प्रसाधन म्हणून लावले जात असते. देशातील 12 केंद्रांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकाराच्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. 2018 मध्ये केंद्र शासनाने 14 स्टेरॉइडयुक्त मलमे अनुसूची ‘एच’च्या कक्षेत आणली. म्हणजे चिठ्ठीवाचून त्यांची विक्री करता येत नाही. तरीही ‘तीच ट्यूब द्या’ म्हणणारा ग्राहक औषधविक्रेत्यांना नवा नाही.

चिकित्सेच्या दृष्टीने यात एक फसगत आहे. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, मुखदूषिका येतात आणि चेहऱ्यावर लवही वाढते. तरुण स्त्री मुखदूषिका व लव घेऊन आली की आपला विचार सहज आर्तवदुष्टीकडे वळतो. मासिक पाळी नियमित असेल, तर प्रथम क्रीमची चौकशी करावी. क्रीम एकाएकी थांबवल्यास लाली व दाह उसळतो, आणि मग रुग्णा ‘तुमच्या औषधाने चेहरा भाजला’ असे म्हणत परत येते. ही पूर्वकल्पना पहिल्याच दिवशी द्यावी. वापर दीर्घकाळचा असल्यास त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ती टप्प्याटप्प्याने सोडवावी.

दुसरे द्रव्य पारद. तो मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला अडवतो, म्हणून वर्ण उजळतो. पण त्वचेतून शोषला जाऊन वृक्कांत साठतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना स्थानिक ब्यूटिशियनकडील क्रीमच्या वापरानंतर वृक्कविकार झाल्याचे प्रकरण 2023 च्या आरंभी प्रकाशात आले. त्या क्रीममध्ये पारद असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत आढळले. ‘कॉस्मेटिक्स रूल्स, 2020’ नुसार प्रसाधनात अनवधानाने राहिलेला पारदही 1 पीपीएमपेक्षा अधिक चालत नाही. केवळ डोळ्यांच्या प्रसाधनांना वेगळी मर्यादा आहे.

हे प्रकरण आपल्याला अधिक जवळचे आहे. रक्तात पारद सापडला की रुग्णाला पहिला प्रश्न ‘आयुर्वेदिक औषध घेता का?’ हाच विचारला जातो. रसकल्प देणाऱ्या वैद्याने रुग्णपत्रिकेत क्रीमची नोंद केलेली नसेल, तर त्याच्यापाशी उत्तर उरत नाही.

लेबलवर छापली जाणारी द्रव्ये याहून सौम्य, पण नित्याची आहेत. पॅराबेन हे परिरक्षक इस्ट्रोजेनसारखे क्षीण कार्य करतात. थॅलेट ‘सुगंध’ या एका शब्दाखाली दडतात. मनुष्यावरील त्यांच्या परिणामांविषयी मतभेद आहेत, हे प्रामाणिकपणे सांगावे. भीती विकू नये. डेन्मार्कने मात्र 2011 मध्ये तीन वर्षांखालील बालकांच्या प्रसाधनांतून प्रोपिल व ब्यूटिल पॅराबेन वगळले. कॅलिफोर्नियात 100 किशोरवयीन मुलींनी केवळ तीन दिवस प्रसाधने बदलली, तेव्हा मूत्रातील मिथिल व प्रोपिल पॅराबेनचे प्रमाण सुमारे 45 टक्क्यांनी उतरले (2016). रोजचे लावणे थांबले की साठा ओसरतो, हे रुग्णाला पटवण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. नियम 158-बी मध्ये ‘सौंदर्य प्रसादक’ हा आयुर्वेदीय कल्पांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि अनुज्ञेय परिरक्षक त्यांतही घालता येतात. म्हणून डबीवर कोरफडीचे चित्र असले तरी घटकांची यादी वाचलीच पाहिजे. वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी, असेही नाही. लव्हेंडर व टी-ट्री तेलाची प्रसाधने वापरणाऱ्या तीन मुलग्यांत स्तनवृद्धी दिसल्याचे व वापर थांबवल्यावर ती ओसरल्याचे वृत्त 2007 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले. पुढे त्या निष्कर्षावर आक्षेपही आले. परंतु लहान मुलांच्या अभ्यंगतेलात अशी तेले मिसळताना हात आखडता घ्यावा.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर परिसरातील व्यावसायिकांना एवढेच सुचवावेसे वाटते : प्रश्नपरीक्षेत ‘चेहऱ्याला काय लावता?’ हा प्रश्न घालावा आणि डबीच आणावयास सांगावी, कारण नाव बहुधा लक्षात नसते. क्रीममध्ये पारदाची शंका असल्यास मूत्रातील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. पायांवर शोथ दिसल्यास तर ती टाळूच नये. औषधविक्रेत्यांनी उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व घटकांची यादी नसलेला माल दुकानात घेऊ नये. आयात मालावर नोंदणी क्रमांक पाहावा. संशयित डबी फेकून न देता बिलासह अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयाकडे लेखी तक्रारीसोबत सादर करावी.