नेतृत्वबदलाच्या काळातील कर्मचारी : ‘सत्यम’चा धडा

उद्योगसंस्थेचे नेतृत्व बदलले, की त्याचा पहिला परिणाम दिसतो तो कर्मचाऱ्यांच्या मनावर. नवे प्रमुख कसे असतील, आपली जागा टिकेल काय, पगार वेळेवर होईल काय, या प्रश्नांची चर्चा जिन्यात, उपाहारगृहात आणि घरोघरी सुरू होते. या प्रश्नांना अधिकृत उत्तर मिळाले नाही, तर उत्तराची जागा अफवा घेते. अशा वेळी सर्वांत आधी बाहेर पडतात ते ज्यांना अन्यत्र सहज काम मिळू शकते असे, म्हणजेच संस्थेला ज्यांची सर्वाधिक गरज असते असे कर्मचारी. म्हणूनच नेतृत्वबदलाच्या काळात कर्मचाऱ्यांचा विश्वास टिकविणे हा संस्थेच्या अस्तित्वाचाच प्रश्न ठरतो. हैदराबाद येथील सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे २००९ सालचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

एका पत्राने ओढवलेले संकट

१९८७ साली स्थापन झालेली सत्यम ही देशातील आघाडीच्या संगणक-सेवा कंपन्यांपैकी एक होती. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास लिहिलेल्या पत्रात, हिशेब अनेक वर्षे फुगवून दाखविल्याची कबुली दिली. रोख व बँक शिल्लक म्हणून दाखविलेल्या रकमेपैकी ५,०४० कोटी रुपये प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हते. त्याच दिवशी कंपनीच्या समभागाची किंमत तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळली.

कंपनीत त्या वेळी सुमारे ५० हजार कर्मचारी होते. त्यांतील बहुसंख्यांचा या गैरव्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही त्यांची उपजीविका धोक्यात आली. गिरणी बंद पडली तरी तिचे माग जागेवर राहतात. संगणक-सेवेच्या व्यवसायात मात्र जाणकार कर्मचारी गेले, की ग्राहकांची कामे अडतात, ग्राहक दूर होतात आणि कंपनीजवळ फारसे काही उरत नाही. ही गोष्ट ओळखून केंद्र शासनाने तातडीने पावले उचलली. जुने संचालक मंडळ दूर करण्यात आले आणि ११ जानेवारी रोजी दीपक पारेख, किरण कर्णिक व सी. अच्युतन यांची नियुक्ती झाली. त्यानंतर काही दिवसांतच तरुण दास, टी. एन. मनोहरन व एस. बी. मैनक यांचा मंडळात समावेश करण्यात आला.

प्रथम पगार

नव्या मंडळापुढे चौकशी, लेखापरीक्षण, न्यायालयीन दावे अशी अनेक कामे होती. तथापि पगार आणि ग्राहकांची सेवा या दोन गोष्टींना त्याने अग्रक्रम दिला. ग्राहकांकडील येणे वसूल करण्यावर भर देण्यात आला, बँकांकडून ६०० कोटी रुपयांच्या कर्जाची तजवीज झाली आणि जानेवारीचे पगार देण्यात आले. धीर देणारी भाषणे कितीही झाली, तरी महिनाअखेर खात्यात जमा झालेल्या पगाराइतका विश्वास त्यांतून निर्माण होत नाही.

यानंतरचा निर्णयही बोलका आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून ए. एस. मूर्ती यांची निवड झाली. ते कंपनीतच दीर्घकाळ काम केलेले होते. त्यांच्या मदतीस बाहेरचे अनुभवी सल्लागार देण्यात आले. दैनंदिन कारभार ओळखीच्या माणसाच्या हाती आणि देखरेख बाहेरच्या, निःपक्ष मंडळाकडे, अशी ही विभागणी होती. सचोटीच्या कर्मचाऱ्यांवर सरसकट संशय नाही, हा संदेश त्यातून आपोआप पोहोचला.

अनिश्चिततेला मुदत

अनिश्चितता माणसे सोसू शकतात. मात्र ती केव्हा संपणार, हे त्यांना कळावे लागते. मंडळाने नवा गुंतवणूकदार निवडण्यासाठी खुली बोली मागविली. भारताचे माजी सरन्यायाधीश एस. पी. भरुचा यांनी या प्रक्रियेवर देखरेख केली. १३ एप्रिल २००९ रोजी, म्हणजे संकटानंतर सुमारे तीन महिन्यांतच, समभागामागे ५८ रुपयांची बोली देणाऱ्या टेक महिंद्रा या पुणेस्थित कंपनीची निवड जाहीर झाली. जून महिन्यात कंपनीस ‘महिंद्रा सत्यम’ हे नाव देण्यात आले. जुन्या नावाला बट्टा लागलेला असतानाही त्याचा अंश राखण्यात आला. ज्यांनी त्या नावाखाली उमेदीची वर्षे वेचली, त्यांच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हती.

कटू सत्याची हाताळणी

सारेच सुरळीत झाले, असे मात्र नाही. ग्राहक घटल्यामुळे हजारो कर्मचाऱ्यांना पुरेसे काम उरले नव्हते. नव्या व्यवस्थापनाने ही वस्तुस्थिती लपविली नाही. अशा कर्मचाऱ्यांना सहा महिन्यांपर्यंत एका राखीव गटात ठेवण्यात आले. या काळात त्यांना मूळ वेतन, भविष्य निर्वाह निधी व वैद्यकीय विम्याचा लाभ मिळत राहिला. काम उपलब्ध झाल्यास परत बोलावण्याची आणि दरम्यान अन्यत्र नोकरी शोधण्याची मुभा होती. मूळ वेतनावर घर चालविणे मध्यमवर्गीय कुटुंबास जड जाते, गृहकर्जाचे हप्ते असतील तर अधिकच. ही योजना आदर्श होती, असे म्हणता येणार नाही. परंतु एका सकाळी हाती पडणाऱ्या बडतर्फीच्या पत्रापेक्षा ती निश्चितच अधिक माणुसकीची होती. कामावर राहिलेले कर्मचारी, गेलेल्यांना कशी वागणूक मिळते यावरूनच स्वतःच्या भवितव्याचा अंदाज बांधत असतात, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

जून २०१३ मध्ये या कंपनीचे टेक महिंद्रामध्ये विलीनीकरण पूर्ण झाले. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबाद येथील विशेष न्यायालयाने राजू व इतरांना दोषी ठरविले. गुन्ह्याचा निकाल लागण्यास सहा वर्षे लागली. तोवर वाट पाहणे कर्मचाऱ्यांना परवडणारे नव्हते.

आपल्याकडील संस्थांसाठी बोध

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या व बँका यांवर प्रसंगी प्रशासक नेमला जातो. कौटुंबिक उद्योगांत सूत्रे पुढील पिढीकडे जातात. प्रत्येक ठिकाणी संकट सत्यमएवढे मोठे नसते, पण कर्मचाऱ्यांच्या मनातील प्रश्न तेच असतात. नव्या प्रमुखाने पहिल्या आठवड्यातच सर्वांना एकत्र बोलावून तीन गोष्टी सांगाव्यात : पगार कोणत्या तारखेस होईल, कोणते निर्णय अद्याप व्हावयाचे आहेत आणि ते कधीपर्यंत होतील. जे ठरलेले नाही, ते ठरलेले नाही असेच स्पष्ट सांगावे. पाळता न येणारे आश्वासन देऊ नये. कामगार संघटनेचे प्रतिनिधी, पाळीप्रमुख व जुने जाणते कर्मचारी यांच्याशी थेट बोलणे ठेवावे. कारण इतर कर्मचारी सूचनाफलकापेक्षा त्यांच्याच शब्दावर अधिक विसंबतात. आणि कोणास कमी करणे अटळच असेल, तर ते कशाच्या आधारे व किती मुदतीने, हे त्या व्यक्तीस इतरांच्या आधी कळले पाहिजे.