घडी घालून बघ

चि. चिमू,


तुझ्या आईनं चाचणीच्या पेपरचा फोटो पाठवला. गुण किती पडले ते राहू दे. मी दोनच उत्तरांपाशी थांबले. (−४, ३) या बिंदूचं क्ष-अक्षातलं प्रतिबिंब तू (४, ३) लिहिलंस, आणि (२, −५) चं क्ष-अक्षातलं प्रतिबिंब पुन्हा (२, −५) च ठेवलंस. तीस वर्षं नववीच्या वह्या तपासल्या. दर वर्षी याच दोन जागी लाल शाई पडायची. म्हणून फोनवर न सांगता लिहायला बसले.

पहिली चूक नावामुळे होते. 'क्ष-अक्षात परावर्तन' असं वाचलं की हात आपोआप क्ष-निर्देशकाकडे जातो आणि त्याचंच चिन्ह बदलतो. पण इथे क्ष-अक्ष हा आरसा आहे. आजोळच्या तळ्याकाठचा तो माड आठव. पाणी संथ असलं की त्याचं प्रतिबिंब बरोबर त्याच्याखाली दिसतं, डावीकडे किंवा उजवीकडे सरकत नाही. शेंडा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्यात खाली. पाण्याची ती आडवी रेघ म्हणजेच तुझा क्ष-अक्ष. मग −४ कशाला हलेल? उत्तर (−४, −३). काय बदलायचं हे आधी शोधू नकोस. काय जागचं हलत नाही, ते आधी विचार. आरसा उभा असला, म्हणजे य-अक्ष असला, तर उंची तशीच राहील आणि बाजू बदलेल: (४, ३). तू लिहिलेलं उत्तर चूक नव्हतं, ते दुसऱ्या आरशातलं होतं. आणि (५, ०) सारखा बिंदू, जो क्ष-अक्षावरच बसला आहे, तो पाण्याच्या रेघेवर तरंगणाऱ्या पानासारखा; त्याचं प्रतिबिंब तो स्वतःच.

दुसरी चूक अधिक खोल आहे. 'चिन्ह बदला' हे मुलं 'वजा लावा' असं ऐकतात. वजा आधीच असला की करायला काही उरत नाही असं वाटतं. पण (२, −५) हा बिंदू पाण्याखाली पाच आहे. त्याचं प्रतिबिंब पाण्यावर पाच असणार. −(−५) म्हणजे ५. वजा संख्येला आपण ऋण म्हणतो, ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन-ऋणाचे नियम मांडले, त्यात शून्यातून ऋण वजा केलं की धन होतं, हाही नियम आहे. तुझ्या या दुसऱ्या उत्तराला हवा होता तो नेमका हाच. युरोपला या ऋण बाजूशी जुळवून घ्यायला फार वेळ लागला. ज्याच्या नावानं हे निर्देशक ओळखले जातात त्या देकार्तच्या १६३७ च्या भूमितीच्या पुस्तकात तुझ्या वहीतल्यासारखे चार चरण आखलेले सापडत नाहीत. तेव्हा हे तुला पहिल्या झटक्यात जमलं नाही म्हणून मन छोटं करू नकोस.

आता एक काम कर. आलेख कागदावर अक्ष आख, (३, २) हा बिंदू घे, क्ष-अक्षावर नीट घडी घाल आणि बिंदूतून टाचणी आरपार टोच. घडी उघड. दुसरं भोक (३, −२) वर पडलेलं असेल. मग दुसरा कागद घे, दोन्ही अक्षांवर घडी घालून त्याची चौघडी कर आणि पुन्हा एकदाच टोच. उघडलास की चार भोकं, चारही चरणांत एकेक, आयताचे चार कोपरे. तिरकी समोरासमोर असलेली दोन भोकं जोडलीस तर रेघ आरंभबिंदूतूनच जाईल. म्हणजे एका आरशातून दुसऱ्या आरशात गेलेला (३, २) शेवटी (−३, −२) वर पोचतो, आणि आरंभबिंदूभोवती कागद अर्धा फिरवला असता तरी तो तिथेच पोचला असता. बिंदूच्या जागी अ, ब, क असा त्रिकोण घेऊन बघ. मूळ त्रिकोणात अक्षरं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वाचता येत असली तर एका आरशात ती उलटी फिरतात, दुसऱ्यात पुन्हा सुलटी होतात. मला शिकवताना या जागेइतका आनंद दुसऱ्या कुठल्या धड्यात झाला नाही.

हे सगळं घडीपासून सांगते आहे, त्यामागे माझी एक चूक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर दोन ओळींचं सूत्र लिहून दिलं: क्ष-अक्ष असेल तर य चं चिन्ह बदला, य-अक्ष असेल तर क्ष चं. मुलांनी पाठ केलं, गुणही मिळवले. सहामाहीला मी विचारलं, क्ष = ३ या उभ्या रेषेत (५, २) चं प्रतिबिंब कुठे? जवळजवळ सगळ्या वर्गानं (−५, २) लिहिलं. आरसा अक्षावरून सरकला होता, पण त्यांच्याकडे आरसा नव्हताच, नुसतं चिन्ह होतं. ५ हा ३ पासून दोन घरं पुढे, तर प्रतिबिंब दोन घरं मागे: (१, २). पटकन हवं असेल तर आरशाची दुप्पट करून त्यातून बिंदू वजा कर, ६ − ५ = १. आरसा शून्यावर असला की हीच रीत निव्वळ चिन्ह बदलते. त्या पोरांचे गुण गेले, ते मी शिकवलेल्या रीतीमुळे, हे मी विसरलेले नाही.

आता हाच आरसा खेळात वापरायला तुझा कॅरम बोर्ड काढ. खेळायची जागा ७४ सेंटीमीटर असते. तुझ्या जवळच्या कडेला य-अक्ष मान, डाव्या कडेला क्ष-अक्ष. स्ट्रायकर (१०, २०) वर, सोंगटी पलीकडे (७०, ६०) वर, आणि सरळ वाट अडलेली. डाव्या कडेवर कुठे मारशील? सोंगटीचं प्रतिबिंब बोर्डाबाहेर (७०, −६०) वर धर आणि नेम त्याच्यावर लाव. स्ट्रायकरपासून तिथवरची रेघ कडेला (२५, ०) पाशी छेदते. तिथे आपटून स्ट्रायकर सोंगटीकडे वळेल, सगळी वाट बरोबर १०० सेंटीमीटर. या डाव्या कडेला शिवून जाणारी याहून आखूड वाट नाही. आरशावरून परतणारा प्रकाशही अशीच वाट धरतो, हे अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं पहिल्या शतकात दाखवलं होतं.

प्रत्यक्षात नेम थोडा चुकेल. स्ट्रायकरचा मध्य कडेपर्यंत पोचतच नाही, सुमारे दोन सेंटीमीटर अलीकडेच थांबतो. म्हणजे खरा आरसा य = २ या रेषेवर आहे आणि प्रतिबिंब ४ − ६० = −५६ वर. बघ, त्या पहिल्या वर्षीच्या वर्गाला हुकलेलाच प्रश्न. पावडर आणि फिरकी यांचा हिशेब मात्र हातालाच शिकावा लागतो.

आता एक प्रश्न तुझ्यासाठी. आरंभबिंदूतून तिरकी जाणारी, (१, १), (२, २), (३, ३) मधून निघणारी रेघ आख आणि (४, १) चं तिच्यातलं प्रतिबिंब शोध. इथे चिन्हाला हात लावावा लागत नाही, एवढंच सांगते. घडी तिरकी पडेल, कागद जरा दाबून धर. उत्तर फोनवर सांगू नकोस, भोकं पडलेला तो कागदच पाकिटातून पाठव.

तुझी,
आत्या