‘दूध पुरत नाही’ असे वाटते तेव्हा

वस्तीत बाळंतिणीच्या घरी गेलो की एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येते : “सिस्टर, दूध पुरत नाही.” बाळ रडत असते, आई दमलेली असते, सासूबाई काळजीत असतात. मग कोणीतरी पावडरचा डबा आणते किंवा गाईच्या दुधात पाणी घालून बाटली भरते. आणि थोड्याच दिवसांत आईचे दूध खरोखर कमी होते. असे का होते आणि आईच्या दुधाबद्दल आजचे संशोधन काय सांगते, ते समजून घेऊ.

दूध कसे तयार होते?

स्तन म्हणजे पाण्याचे पिंप नव्हे. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूतून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करते, ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडते. स्तन रिकामा झाला की नवे दूध लवकर बनते. भरलेला राहिला की बनणे मंदावते. म्हणून बाटलीने पोट भरलेले बाळ कमी ओढते आणि दूध आटत जाते. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असते, म्हणून रात्रीचे पाजणे चुकवू नये.

सुरुवातीचे दूध पातळ दिसते, स्तन रिकामा होत आला की मलईचे येते. एक बाजू पूर्ण पिऊ द्या, मग दुसरी द्या. पातळ दिसले म्हणून दूध निकस नसते.

दुधात आहे तरी काय?

पहिल्या दोन-तीन दिवसांचे पिवळे, घट्ट दूध काही घरांत अजूनही पिळून टाकतात. ते थोडेच येते, पण त्यात रोगाशी लढणारी प्रथिने आणि अ जीवनसत्त्व भरपूर असते. ती बाळाची पहिली लस समजा. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावा, सिझेरियन असले तरी शक्य तितक्या लवकर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० पैकी जेमतेम ४२ बाळांनाच पहिल्या तासात दूध मिळाल्याचे दिसले.

शास्त्रज्ञांना आईच्या दुधात १५० हून अधिक प्रकारच्या खास साखरा सापडल्या आहेत. गंमत म्हणजे बाळाला त्या पचत नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचे अन्न आहेत. हे जंतू वाढले की जुलाब लावणाऱ्या जंतूंना जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या वस्त्यांसाठी फार मोलाची आहे. आई जे पाणी पिते, ज्या गल्लीत श्वास घेते, तिथल्या जंतूंविरुद्ध तिचे शरीर प्रतिपिंडे बनवते. तीच दुधातून बाळाला मिळतात. असे औषध कोणत्याही डब्यात भरून येत नाही. त्यामुळे आईला सर्दी, ताप, जुलाब झाले तरी पाजणे थांबवू नका. क्षयरोग, एचआयव्ही किंवा मोठ्या आजाराची औषधे चालू असतील, तर मनाने पाजणे बंद न करता आधी डॉक्टरांना विचारा.

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ साली हिशोब मांडला : स्तनपान सर्वत्र नीट झाले, तर जगात दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील. आईचाही फायदा आहे. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र विचार केला तेव्हा दिसले की दर १२ महिन्यांच्या स्तनपानामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी घटतो.

रडणे म्हणजे भूकच नव्हे

बाळ गॅस, ओले कापड, उकाडा, झोप किंवा नुसती कूस हवी म्हणूनही रडते. संध्याकाळी ते सारखे प्यायला मागते, तेही नेहमीचेच. २०२३ साली ‘द लॅन्सेट’नेच दाखवून दिले की डब्याच्या कंपन्या या साध्या रडण्याला आजार ठरवून आपला माल खपवतात. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या डबाबंद आहाराची जाहिरात, फुकट नमुने, भेटवस्तू यांना बंदी आहे. कोणी फुकट डबा देऊ केला तर आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

दूध पुरते की नाही, हे असे ओळखा :

• पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी करते.
• पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर येते आणि पुढे वाढत राहते.
• पिताना गिळल्याचा आवाज येतो, प्यायल्यावर बाळ शांत होते.

वजन अंगणवाडीत करून घ्या. सहा महिने पाणी, मध, घुटी, साखरपाणी काहीही नको; उन्हाळ्यातही नको. दुधात ८७ टक्के पाणीच असते. सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भात, खिचडी, अंडे सुरू करा आणि दोन वर्षे किंवा पुढेही अंगावर पाजा.

काही थोड्या आयांना थायरॉइड, बाळंतपणात खूप रक्त जाणे अशा कारणांनी दूध खरेच कमी येते. त्यात आईचा दोष नाही. तिला दवाखान्यात न्या, टोमणे मारू नका.

आईच्या ताटात काय?

पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे साधारण दोन भाकरी, वाटीभर डाळ-उसळ आणि एक अंडे नेहमीपेक्षा जास्त. सुकट, पालेभाजी, शेंगदाणे चालतात. आईचे जेवण अपुरे असले तरी दूध येते, पण ते तिची हाडे-रक्त झिजवून येते, आणि ब-१२ सारखी जीवनसत्त्वे दुधातही कमी पडतात. म्हणून बाळंतिणीला पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नका.

कामावर जाणारी आई

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार बायांच्या प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. आज कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आईपर्यंत ती पोहोचत नाही. तोवर एवढे करता येते : हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध पिळून झाकून ठेवा. थंड जागी चार तास टिकते. कडक उन्हाळ्यात त्याआधीच वापरा. गॅसवर तापवू नका, भांडे कोमट पाण्यात ठेवा. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजा. कामावरही एकदा-दोनदा दूध पिळा, नाहीतर ते आटते. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. आशाताईंकडून अर्ज भरून घ्या.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मले आणि आईला दूध आले नाही, तर दूधपेढीची चौकशी करा. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली. तपासणी झालेल्या आयांनी दान केलेले दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून नाजूक बाळांना देतात. पावडरच्या दुधाने अशा बाळांना होणारा आतड्यांचा जीवघेणा आजार त्यामुळे कमी होतो.

बाळ ओढत नसेल, सुस्त पडले असेल, अंग गरम किंवा गार लागत असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर घरगुती उपाय न करता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.