तिकिटाच्या कोपऱ्यातील दोन अक्षरे
(इयत्ता ५ वी ते ७ वी : गणित व सामान्य ज्ञान यांस पूरक पाठ)

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विद्यार्थ्याची जन्मतारीख दोनदा लिहिलेली असते. एकदा अंकांत आणि एकदा अक्षरांत. हा प्रघात इतका अंगवळणी पडला आहे की तो का पडला असावा, असा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. एखाद्या चौकस मुलाने तो विचारलाच, तर उत्तर सोपे आहे. देवनागरी १ चा ९ करावयास लेखणीचा एक फराटा पुरतो. परंतु ‘एक’ या शब्दाचा ‘नऊ’ करता येत नाही. अंक बदलला तर अक्षरे त्याच्याविरुद्ध साक्ष देतात. बनावट ओळखण्याची ही एक जुनी आणि बिनखर्ची युक्ती होय.

मात्र ही साक्ष ऐकण्यास कोणी तरी हजर असावे लागते. कागदावर खूण असणे निराळे आणि ती खूण ताडून पाहणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीचा विसर पडला म्हणजे काय होते, याचे एक बोलके उदाहरण इंग्लंडच्या टपालखात्याच्या इतिहासात आहे. ते वर्गात गोष्टीसारखे सांगता येते आणि त्यातून गणिताचा पाठही सहज निघतो.

जगातील पहिले चिकटवावयाचे टपाल तिकीट १८४० च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये विक्रीस आले. एक पेनी किमतीचे हे काळे तिकीट ‘पेनी ब्लॅक’ या नावाने ओळखले जाते. त्याची योजना करणाऱ्या रोलंड हिल यांच्यापुढे पहिली अडचण होती ती खोट्या तिकिटांची. एवढासा कागदाचा तुकडा पैशाप्रमाणे चालणार, तर तो घरोघरी छापला जाणार नाही कशावरून? म्हणून तिकिटावर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा घेण्यात आला. मनुष्याची दृष्टी चेहऱ्यातील फरक फार लवकर टिपते. फुलाची पाकळी किंचित वाकडी निघाली तर ती कोणाच्या लक्षात येत नाही, पण ओळखीच्या चेहऱ्याचे नाक जरासे चुकले तरी पाहणारा थबकतो. चेहऱ्यामागील बारीक रेषांची नक्षी यंत्राने पोलादावर कोरलेली होती. कागदातही मुकुटाचे जलचिन्ह घातलेले होते. कागद तयार होताना ओला असतानाच त्याच्या थरात उमटविलेली आणि तो उजेडासमोर धरला असता दिसणारी आकृती म्हणजे जलचिन्ह. चलनी नोट खिडकीसमोर धरून ते मुलांस प्रत्यक्ष दाखविता येईल.

या साऱ्यांहून अधिक चतुर होती ती तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांतील अक्षरे. छापील तावावर २४० तिकिटे असत. आडव्या २० ओळी आणि प्रत्येक ओळीत १२ तिकिटे. त्या वेळी २४० पेनींचा एक पौंड होत असे, म्हणजे पूर्ण ताव बरोबर एका पौंडाचा. डाव्या कोपऱ्यातील अक्षर ओळ सांगे आणि उजव्या कोपऱ्यातील अक्षर त्या ओळीतील जागा सांगे. पहिले तिकीट ‘ए ए’, त्याशेजारचे ‘ए बी’, त्या ओळीचे शेवटचे ‘ए एल’. दुसरी ओळ ‘बी ए’ पासून सुरू होई आणि तावाच्या शेवटी ‘टी एल’ येई. याप्रमाणे एका तावावरील कोणत्याही दोन तिकिटांची अक्षरे सारखी नसत. खोटी तिकिटे करणाऱ्याने एकच ठसा कोरून त्यावरून शेकडो प्रती काढल्या, तर त्या साऱ्यांवर तीच अक्षरे यावयाची आणि एकाच पेठेतून तशीच तिकिटे वारंवार आली की संशय बळावावयाचा. तो टाळावयाचा तर २४० निरनिराळे ठसे कोरावे लागणार. खोटेपणा अशक्य करता येत नसेल तर तो परवडेनासा करावा, असा हा विचार होता.

लबाडीचा दुसरा मार्ग मात्र लवकरच उघड झाला. वापरलेल्या काळ्या तिकिटावर तांबड्या शाईचा शिक्का मारीत असत. ती शाई काढून टाकून तेच तिकीट पुन्हा चिकटविता येऊ लागले. तेव्हा १८४१ मध्ये तिकीट तांबूस रंगाचे करून शिक्क्याची शाई काळी करण्यात आली. पुढे, दोन वापरलेल्या तिकिटांचे कोरे राहिलेले भाग जोडून एक तिकीट करण्याची क्लृप्तीही लोकांस सुचेल म्हणून, १८५८ पासून हळूहळू चारही कोपऱ्यांत अक्षरे घालण्यास आरंभ झाला. वरची जोडी खालच्या जोडीच्या उलट क्रमाने असे. अशा रीतीने बंदोबस्त वाढत गेला आणि अधिकारी निर्धास्त झाले.

इंग्लंडातील तारायंत्राचा कारभार १८७० मध्ये टपालखात्याकडे आला. वीस शब्दांच्या तारेस एक शिलिंग पडे. लंडनच्या शेअर बाजारात तारेचे एक कार्यालय होते आणि तेथे दलालांच्या तारांची रीघ असे. ग्राहकाने शिलिंग द्यावा, कारकुनाने तारेच्या कागदावर एक शिलिंगाचे हिरवे तिकीट चिकटवून त्यावर तारखेचा शिक्का मारावा, अशी तेथील रीत होती. शिक्का मारलेला कागद ग्राहकाकडे परत जात नसे. तो कार्यालयातच राही आणि मुदत संपल्यावर त्याची विल्हेवाट लावली जाई. म्हणजे तिकीट लावणारा, त्यावर शिक्का मारणारा आणि कागद ठेवून घेणारा, सारे एकाच गजाआड!

१८७२ मध्ये या कार्यालयात खोटी हिरवी तिकिटे लागत होती. आलेला शिलिंग कोणाच्या तरी खिशात जात होता आणि सरकारी तिकिटाऐवजी कागदावर नक्कल चिकटविली जात होती. ही गोष्ट उघडकीस आली ती १८९८ मध्ये, तब्बल २६ वर्षांनंतर. तीही खात्याने उघडकीस आणली नाही. नष्ट व्हावयाच्या कागदांपैकी काही कसेबसे उरले होते. त्यांवरील तिकिटे जुन्या तिकिटांच्या व्यापारात आली आणि चार्ल्स निसेन या जाणकाराच्या दृष्टीस पडली. त्याने तिकीट उजेडासमोर धरले. खऱ्या तिकिटात गुलाबाच्या डहाळीचे जलचिन्ह असावयास हवे होते, ते नव्हतेच. मग अक्षरे पाहिली, तर काही तिकिटांवर अशी अक्षरे होती की ज्यांचे तिकीट कोणत्याही खऱ्या तावावर असणे शक्य नव्हते. बारा घरांच्या ओळीत तेराव्या घराची खूण यावी तशातलाच तो प्रकार. नक्कल करणाऱ्याने चेहरा साधला, रंग साधला, पण कोपऱ्यातील अक्षरांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. गुन्हेगाराचे नाव सिद्ध झाले नाही.

या हकीकतीतील खरे नवल नकलेच्या सफाईत नाही. तिकिटाची प्रत्येक खूण आपले काम चोख करीत होती. जलचिन्ह नव्हते हे तिकीट स्वतःच सांगत होते, अक्षरे चुकली हेही सांगत होते. ऐकणारा कोणी नव्हता, कारण ज्याने तपासावयाचे त्याच्याच हाती चिकटविणे होते. अक्षरांचे गणित मुलांकडून करवून घ्यावे. इंग्रजीतील २६ अक्षरांच्या दोन-दोनाच्या जोड्या २६ × २६ म्हणजे ६७६ होतात. त्यांपैकी तावावर केवळ २४० येतात. अंदाजाने अक्षरे घालणाऱ्याची दर तीन तिकिटांमागे जवळजवळ दोन तिकिटे चुकणारच. कोणी एक दुपार बसून शंभर तिकिटे पाहिली असती तर इतके पुरे होते.

आपल्याकडील स्थितीही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. सिंध प्रांतात १८५२ मध्ये बार्टल फ्रिअर यांनी ‘सिंद डाक’ ही उठावाची तिकिटे काढली. साताऱ्यास काही काळ कारभार पाहिलेले हेच गृहस्थ पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. पुढे कित्येक दशके आपली तिकिटे लंडनहून छापून येत. १९२५ मध्ये नाशिक रोड येथे सरकारी प्रतिभूति मुद्रणालय निघाले आणि तेव्हापासून टपाल तिकिटे व मुद्रांक तेथे छापले जाऊ लागले. असा पक्का बंदोबस्त असताही अब्दुल करीम तेलगी याने खोट्या मुद्रांकांचा प्रचंड व्यापार चालविला. त्यास २००१ मध्ये अटक झाली आणि पुढे न्यायालयांनी शिक्षा ठोठावल्या. मुद्रणालयातून मोडीत निघालेली यंत्रे त्याने मिळविल्याचे तपासात पुढे आले. यंत्रच हाती आल्यावर नक्षी कितीही अवघड असली तरी तिचा उपयोग काय? त्यानंतर शुल्क थेट सरकारी खात्यात भरून त्याची संगणकात नोंद करण्याच्या पद्धती वाढत गेल्या, त्या याच कारणाने. कागद खरा की खोटा हे केवळ कागदावरून ठरवू नये, दुसरीकडील नोंदीवरून ठरवावे, असा हा बदल आहे.

कोपऱ्यातील अक्षरांचे काम पुढे अंकांनी उचलले. अमेरिकेच्या टपालखात्याच्या मनीऑर्डरींवर वापरली गेलेली एक रीत मुलांस भागाकार शिकविताना उपयोगी पडेल. दहा अंकी क्रमांकास ९ ने भागावे आणि उरलेली बाकी अकरावा अंक म्हणून शेवटी लिहावी. समजा, क्रमांक ४०७१३८२६५१ आहे. अंकांची बेरीज ३७. तीस ९ ने भागता बाकी १. म्हणून अकरावा अंक १. आता कोणी ७ चा ८ केला तर बाकी २ येते आणि लबाडी किंवा चूक तेथेच उघडी पडते. परंतु ३८ चे ८३ केले तर? बेरीज तीच राहते. शून्याच्या जागी ९ लिहिले तर बेरीज ४६ होते आणि बाकी पुन्हा १ च! या दोन उणिवा मुलांनी स्वतः शोधून काढाव्यात. शिक्षकांनी आधी सांगू नयेत. शेजारचे अंक उलटसुलट झाले तरी पकडणारी रीत व्हरहोफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. आधार क्रमांकातील बारावा अंक याच रीतीने काढलेला असतो. अर्थात रीत जगजाहीर असल्याने ती चूक पकडते; जाणता लबाड तिला फसवू शकतो.

त्यासाठी आधारपत्रावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड असतो. त्यात धारकाची माहिती असते आणि ती देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरीही असते. ही स्वाक्षरी करण्याची गुप्त किल्ली एकट्या प्राधिकरणाजवळ, आणि पडताळण्याची किल्ली मात्र सर्वांस खुली. पत्रावरील छायाचित्र किंवा जन्मवर्ष कोणी बदलले तरी कोडातील माहिती बदलत नाही, आणि कोडातील माहिती बदलली तर स्वाक्षरी जुळत नाही. मात्र पत्र नुसते डोळ्यांनी पाहून परत दिले, तर कोड असून नसून सारखाच. शेअर बाजारातील हिरव्या तिकिटाची गोष्ट येथे मुलांस आपोआप आठवेल.

शिक्षकांच्या दृष्टीने या विषयाची निकड निराळी आहे. शाळेचा दाखला हा स्वतंत्र कागद नव्हे. तो जनरल रजिस्टरातील नोंदीचा उतारा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ९४ प्रमाणे मुलाचे वय ठरविताना शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याचा विचार आधी होतो. जन्मवर्षाच्या एका अंकात फेरफार झाल्यास चौदा-पंधरा वर्षांची मुलगी कागदोपत्री अठराची होऊ शकते आणि लग्नाच्या मांडवात उभी राहू शकते. असा दाखला घेऊन कोणी आले, तर शिक्का ठळक आहे, सही झोकदार आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. अंक व अक्षरे जुळतात का, हे आधी पाहावे. त्यानंतर रजिस्टर क्रमांक घेऊन ज्या शाळेने दाखला दिला तिच्याकडे विचारणा करावी. स्वतःच्या शाळेतून दाखला देताना स्थळप्रत त्याच वेळी पुरी भरावी. ‘नंतर भरू’ म्हणून कोरी राहिलेली स्थळप्रत लबाडास आयतीच सापडते. रजिस्टरात खाडाखोड झाल्यास मूळ नोंद वाचता येईल अशी एकच रेघ मारून तेथे तारखेसह सही करावी.

शाळेच्या बालआनंद मेळाव्याच्या वेळी हा पाठ हाताने करून पाहता येईल. मुलांनी एका मोठ्या कागदावर सहा ओळी आणि आठ स्तंभ आखून ४८ प्रवेशपत्रे तयार करावीत. ओळींस क, ख, ग, घ, च, छ आणि स्तंभांस प, फ, ब, भ, म, य, र, ल ही अक्षरे द्यावीत. पहिले पत्र ‘कप’ होते आणि शेवटचे योगायोगाने ‘छल’! प्रवेशपत्रे कापून वाटावीत. मग चार मुलांस बाजूस घेऊन, आखणी न दाखविता, नकली पत्रे करावयास सांगावे आणि दोघांस दारावर उभे करावे. ‘जव’ किंवा ‘पक’ असे पत्र आले की द्वारपाल ते हसत परत करतील. पण एखादा हुशार मुलगा मित्राच्या खऱ्या पत्रावरून ‘गभ’ची हुबेहूब नक्कल करील. दारावर दोन ‘गभ’ येतील, कागद तोच, अक्षर तेच, आणि द्वारपाल गोंधळून शिक्षकांकडे पाहतील. त्या वेळी कोणते पत्र कोणास दिले त्याची यादी त्यांच्या हाती द्यावी.