अपडेट ‘उद्या करू’ म्हणणं किती महागात पडतं? वॉनाक्रायचा धडा

व्हिडिओत सांगितलेले मुद्दे इथे थोडक्यात लिहून देतोय.

“आमच्याकडे सर्व्हर नाही, चार कॉम्प्युटर आहेत,” असं बरेच जण म्हणतात. पण हिशोबाचा फोल्डर शेअर करून चौघं वापरत असाल, तर ज्या कॉम्प्युटरवर तो फोल्डर आहे तोच तुमचा सर्व्हर!

चूक काय होती?

विंडोजमध्ये फाइल शेअरिंगचं काम एसएमबी करतं. त्याच्या जुन्या पहिल्या आवृत्तीत आकडा लिहिण्याची एक चूक होती. समजा, वहीत 10,250 आहेत आणि ते 900 करायचेत. तुम्ही फक्त शेवटचे तीन आकडे बदलले, तर होतात 10,900! इथे तसंच झालं. मेमरीत जागा घेतली थोडी, माल ओतला जास्त. उरलेला माल शेजारच्या जागेत सांडला आणि तिथली माहिती बिघडली. हल्लेखोर नेमकं हेच घडवून आणून स्वतःचा प्रोग्राम चालवू शकत होता. पासवर्ड नको, कुणी लिंकवर क्लिक करायलाही नको.

तारखा नीट बघा

- 14 मार्च 2017: मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली.
- 14 एप्रिल: या चुकीचा फायदा घेणारं ‘इटर्नलब्लू’ हत्यार इंटरनेटवर उघड झालं.
- 12 मे: वॉनाक्राय पसरला. फाइल्स लॉक, खंडणी 300 डॉलर, तीही बिटकॉइनमध्ये.

दुरुस्ती फुकट होती आणि हाताशी 59 दिवस होते. तरी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत 236 पैकी किमान 80 ट्रस्टना फटका बसला. अंदाजे 19,000 अपॉइंटमेंट रद्द झाल्या.

म्हणजे चूक सॉफ्टवेअरची होतीच, पण नुकसान वाढलं ते “अपडेट कोणी करायचं?” हे ठरलेलं नसल्यामुळे.

आपण काय करायचं?

1. विंडोज 7 चा सपोर्ट 2020 मध्येच संपलाय, विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये. अशी मशीन कोणती, याची यादी करा.
2. कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्समध्ये ‘एसएमबी 1.0’ वरची टिक काढा. आधी जुना स्कॅनर किंवा झेरॉक्स मशीन त्यावर चालत नाही ना, हे तपासा.
3. राउटरवर 445 पोर्ट बाहेरून उघडा नाही ना, हे नेटवर्कवाल्याला विचारा.
4. बॅकअप घेतला की हार्डडिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्कही लॉक होते.
5. महिन्यातला एक दिवस आणि एका माणसाचं नाव ठरवा. अपडेट झालं की त्याने रजिस्टरमध्ये सही करायची.

आजचा गृहपाठ: दुकान बंद करण्याआधी पाचवा मुद्दा पूर्ण करा. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. बाकीचे चार मुद्दे मग त्या माणसाकडे सोपवा.